हात मोकळे, मान कामाला: मिक्स्ड रिॲलिटीत डोक्याने चालणारं ॲप कसं घडवायचं

पंप उघडून बसलेल्या फिटरच्या एका हातात पाना असतो, दुसऱ्या हाताने गॅस्केट जागेवर दाबून धरलेलं असतं. डोक्यावरच्या मिक्स्ड रिॲलिटी हेडसेटमध्ये, म्हणजे समोरच्या खऱ्या दृश्यावर डिजिटल चित्रं दाखवणाऱ्या साधनात, दुरुस्तीच्या पायऱ्या दिसताहेत, पण पुढची पायरी हवी असेल तर ‘दाब’ सांगणारी चिमूट हवेत काढायला हात आणायचा कुठून? दुसरीकडे मणक्याच्या दुखापतीनंतर ज्याचे दोन्ही हात चालत नाहीत, पण मान व्यवस्थित वळते, अशा माणसाला ‘हात पुढे करा’ ही पहिलीच सूचना बाहेरचा रस्ता दाखवते. दोघांची गरज एकच आहे: ॲप डोक्याच्या हालचालीवर चाललं पाहिजे. फिटरसाठी ती सोय आहे, दुसऱ्यासाठी मात्र तेवढाच एक मार्ग आहे. म्हणून मापं ठरवताना मी कायम या दुसऱ्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवतो.

या कामात बहुतेकांचा सगळा जोर नेम धरण्यावर जातो. डोक्यातून पुढे जाणारा किरण, म्हणजे डोकं वळेल तिकडे रोखलेली अदृश्य रेषा, काढणं फार अवघड नाही, आजकालची साधनं ते तयारच देतात. कस लागतो तो पुढे. माणूस नुसता बघतोय की बटण दाबायला सांगतोय हे ॲपला ओळखता आलं पाहिजे, आणि ते सांगताना मानेला त्रास होता कामा नये. पुढच्या सगळ्या पायऱ्या या दोन गोष्टींसाठी आहेत.

कोड उघडण्याआधी स्वतःची मान वापरून बघा

हेडसेट जवळ नसला तरी सुरुवात करता येते. मॅकवर सिस्टिम सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, त्यात पॉइंटर कंट्रोल आणि तिथे ‘हेड पॉइंटर’ आहे. कॅमेरा तुमचं डोकं पाहतो आणि त्यावर कर्सर फिरतो. त्यात दोन पद्धती मिळतात. एकीत डोकं जितकं वळेल तितका कर्सर सरकतो. दुसरीत डोकं पडद्याच्या कडेकडे वळलेलं असेपर्यंत कर्सर त्या दिशेने चालत राहतो. दोन्ही वापरून बघा. पहिली लगेच जमते, पण मान जास्त फिरवावी लागते. दुसरीत मान कमी हलते, पण कर्सर हव्या जागी थांबवणं जड जातं. पुढे स्क्रोलिंगची रचना करताना हा फरक नेमका उपयोगी पडतो.

विंडोजवाल्यांसाठी गूगलचं प्रोजेक्ट गेमफेस आहे. डोक्याची हालचाल आणि चेहऱ्यावरचे हावभाव यांवर माउस चालवणारं हे साधन २०२३ मध्ये मुक्त स्रोत म्हणून बाहेर आलं. २०२४ मध्ये ते अँड्रॉइडवर आणताना गूगलने भारतातल्या इन्क्लुझा या संस्थेबरोबर काम केलं.

ॲपलचा व्हिजन प्रो हा हेडसेट हाताशी असेल तर आणखी चांगलं. त्यात मुळात डोळ्यांनी रोखायचं आणि बोटांनी चिमूट काढायची अशी पद्धत आहे, पण ॲक्सेसिबिलिटीत जाऊन पॉइंटर डोळ्यांऐवजी डोकं, मनगट किंवा तर्जनीवर देता येतो, आणि ‘ड्वेल कंट्रोल’ (पॉइंटर थोडा वेळ थांबला की ते दाबणं समजायचं) चालू केलं की चिमटीचीही गरज उरत नाही. डिजिटल क्राउन तीनदा दाबून ही सोय चालू-बंद होईल असा शॉर्टकट लावून ठेवा. नाहीतर प्रयोगाच्या मध्येच अडकून बसाल.

अर्धा तास ईमेल वाचा, एखादा फॉर्म भरा. कुठे मान आखडली, कुठे नको ते दाबलं गेलं, कुठे वाट बघून कंटाळा आला, ते लिहून ठेवा. ही यादीच पुढे तुमचा आराखडा ठरवेल.

डोकं आणि नजर यांची गल्लत नको

२०१६ साली आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या होलोलेन्स हेडसेटला डोळ्यांचा मागोवा घेता येत नव्हता. तिथे ‘गेझ’ (शब्दशः नजर) म्हटलं की डोक्याची दिशा असाच अर्थ होता. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या होलोलेन्स २ मध्ये डोळ्यांचा मागोवा आला. त्यामुळे जुनं दस्तावेज वाचताना गेझ म्हणजे डोकं की डोळे, हे आधी तपासा.

डोळे सेकंदाला दोन-तीन उड्या मारतात, आणि त्यातल्या बहुतेक आपल्या नकळत. डोकं तसं वागत नाही. जवळच्या जवळ काही पाहायचं असेल तर डोळेच फिरतात, मान जागची हलत नाही. बरंच बाजूला पाहायचं असलं तरच मान मदतीला येते. म्हणजे डोक्याचा किरण जिथे पडतो तिथे माणूस बघतच असेल असं नाही. पुष्कळांना ही उणीव वाटते. मला यातच डोक्याचा मोठा फायदा दिसतो: पॉइंटर एका कोपऱ्यात ठेवून माणूस डोळ्यांनी अख्खं पान वाचू शकतो. शिवाय डोकं हलत असताना डोळे आपोआप उलट दिशेला फिरून नजर स्थिर धरतात. कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियामुळे हे घडतं. त्यामुळे नजर बटणावर ठेवून किरण हळूहळू तिथे आणणं माणसाला सहज जमतं.

मग डोकं निवडायचं कधी? मेटा क्वेस्ट ३ सारख्या, डोळ्यांचा मागोवा नसलेल्या हेडसेटमध्ये. डोळ्यांत तिरळेपणा किंवा सतत थरथर असेल, पापणी उतरलेली असेल, अशा वेळी. आणि लक्ष्य लहान असून नेम पक्का हवा असेल तेव्हाही, कारण होलोलेन्स २ मध्ये नजरेच्या नेमात साधारण १.५ अंशाचा फरक पडू शकतो असं मायक्रोसॉफ्टच सांगतं. मात्र डोक्याच्या हालचाली स्वतःच्या ताब्यात नसतील, मानेची शस्त्रक्रिया झालेली असेल किंवा स्पाँडिलायटिसचा त्रास जोरात असेल, तर हा मार्ग लादू नका. तिथे आवाज किंवा एका बटणाचा स्विच बरा. त्या माणसाच्या फिजिओथेरपिस्टला विचारल्याशिवाय मानेवरचं काम वाढवू नये.

किरण आणि कर्सर

वेगवेगळ्या हेडसेटसाठी सामाईक असलेल्या ओपनएक्सआर या मानकात डोक्याची स्थिती ‘व्ह्यू स्पेस’ मधून मिळते. दोन डोळ्यांच्या मधून सरळ पुढे जाणारी रेषा, तोच आपला किरण. युनिटी या ॲप बनवण्याच्या साधनात एक्सआर इंटरॲक्शन टूलकिटमध्ये ‘एक्सआर गेझ इंटरॲक्टर’ आहे, आणि डोळ्यांचा मागोवा मिळाला नाही तर डोक्यावर येण्याची सोय त्याच्या नमुना प्रकल्पात दिलेली आहे. एमआरटीके ३ (मिक्स्ड रिॲलिटी टूलकिट) वापरत असाल तर प्रत्येक बटणाला ‘यूज गेझ ड्वेल’ आणि ‘गेझ ड्वेल टाइम’ हे गुण मिळतात. वेबवर झटपट नमुना हवा असेल तर ए-फ्रेम या वेब साधनाचा ‘कर्सर’ घटक घ्या आणि त्यात ‘फ्यूज’ (थांबलं की दाबणारी सोय) चालू करा. कामाच्या मानाने ही सगळ्यात कमी खटपट आहे.

कर्सर नेमका किती अंतरावर काढायचा याकडे मात्र नीट लक्ष द्या. डोळ्यांपासून ठराविक अंतरावर तो टांगून ठेवला आणि बटण त्याच्या बरंच मागे असलं, तर बटणाकडे पाहताना कर्सर दोन दिसतो. दोन्ही डोळे मागच्या वस्तूवर एकवटलेले असतात, पुढची वस्तू फाटते. म्हणून किरण ज्या पृष्ठभागावर आदळतो त्याच खोलीवर कर्सर काढायचा. कशावरच आदळत नसेल तर शेवटच्या खोलीवर ठेवायचा. होलोलेन्सची प्रकाशरचना सुमारे २ मीटरवर केंद्रित आहे, त्यामुळे तिथे पॅनेलही २ मीटरच्या आसपास ठेवलं की डोळ्यांना आराम मिळतो.

कर्सर लहान आणि शांत असावा: मधोमध एक ठिपका, भोवती बारीक कडं. किरण बटणावर आला की बटणानेच प्रतिसाद द्यावा, कडा उजळावी. माणसाचं लक्ष बटणावर असतं, कर्सरवर नसतं.

कर्सर सोडून दुसरं काहीही डोक्याला चिकटवून ठेवू नका. मान वळवली की मेन्यूही नाकासमोर येतो, तेव्हा त्याच्यावर नेम धरायला जागाच उरत नाही, आणि मळमळ होते ती वेगळी. पॅनेल खोलीत एका जागी ठेवा. माणूस फार लांब गेला तरच ते सावकाश त्याच्या मागे यावं.

बटणं अंशांत मोजा

पिक्सेल इथे कामाचे नाहीत, मोजमाप कोनाचं. २ मीटरवर १ अंश म्हणजे साधारण ३.५ सेंटिमीटर. दुरून रोखायच्या बटणाला मायक्रोसॉफ्टने किमान १ अंश सांगितला आहे. ते किमान आहे, सोयीचं माप नव्हे. त्यांच्या मार्गदर्शनात हाताने पक्कं करण्याचाही पर्याय धरलेला आहे. आपल्याकडे किरण बटणावर थांबवून ठेवायचा आहे, म्हणून मी ३ अंशांपासून सुरू करतो: २ मीटरवर सुमारे १०.५ सेंटिमीटरचं बटण, आणि दोन बटणांत किमान १ अंशाची मोकळी फट. नेम चांगला असलेल्यांसाठी नंतर कमी करता येतं.

आता मान. मायक्रोसॉफ्टच्या सूचनांप्रमाणे क्षितिजाच्या वर १० अंशांहून अधिक, खाली ६० अंशांहून अधिक किंवा बाजूला ४५ अंशांहून अधिक वळायला लावू नये. निवांत नजर क्षितिजाच्या १० ते २० अंश खाली असते. या टोकाच्या मर्यादा झाल्या. रोजच्या वापराची बटणं मध्यापासून डावी-उजवीकडे १५ अंशांत आणि डोळ्यांच्या रेषेच्या थोडी खाली बसवा. वर बघायला लावणारा मेन्यू तर टाळाच. दाखवताना ऐटदार दिसतो, वापरताना मानेला काच लावतो.

हेडसेटचं वजनही हिशोबात धरा. होलोलेन्स २ चं ५६६ ग्रॅम, क्वेस्ट ३ चं ५१५, तर २०२४ च्या व्हिजन प्रोचं ६०० ते ६५० ग्रॅम, बॅटरी सोडून. होलोलेन्स २ मध्ये बॅटरी डोक्याच्या मागे असल्याने तोल राहतो. ज्यांचं सगळं ओझं पुढे असतं, त्यांत खाली वाकून पाहताना मानेच्या मागच्या स्नायूंना ते ओढून धरावं लागतं. म्हणून पंपाकडे वाकलेल्या फिटरचं पॅनेल पंपाच्या शेजारीच, त्याच उंचीवर ठेवा. प्रत्येक पायरीला मान वर-खाली करायला लावणारी रचना दुपारपर्यंत नकोशी होते.

‘दाब’ हे सांगायचं कसं

लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हा. माउसवर नेम आणि क्लिक वेगळे असतात. इथे नुसता नेम आहे. जिकडे बघावं तिकडे काहीतरी दाबलं जातं, या अडचणीला संशोधक ‘मिडास टच’ म्हणतात. रॉबर्ट जेकब यांनी १९९० मध्ये डोळ्यांच्या वापराबद्दल ती मांडली, आणि डोक्याच्या बाबतीतही ती थोडी सौम्य रूपात शिल्लक राहते.

सगळ्यांना माहीत असलेला उपाय म्हणजे ड्वेल: किरण बटणावर ठरावीक वेळ थांबला की ते दाबलं गेलं असं समजायचं. तो नीट करायचा तर असा करा. किरण बटणावर आल्यावर पहिले १५० ते २५० मिलिसेकंद काहीच दाखवू नका. नुसता ओलांडून जाणारा किरण तेवढ्यात निघून जातो आणि पडद्यावर उगाच लखलख होत नाही. त्यानंतर बटणाभोवतीचं वर्तुळ भरायला लागू द्या, म्हणजे ‘थांबलात तर दाबेन’ हे माणसाला दिसतं आणि मागे फिरायला वेळ मिळतो. आणखी ६५० ते ८५० मिलिसेकंदांनी वर्तुळ पूर्ण व्हावं आणि त्याच क्षणी बारीक आवाज यावा.

ए-फ्रेममध्ये ही वेळ मुळात १५०० मिलिसेकंद आहे. पहिल्यांदा वापरणाऱ्याला ती ठीक. पण दिवसात २०० वेळा बटण दाबणाऱ्याची ५ मिनिटं नुसती वर्तुळं भरताना बघण्यात जातात. म्हणून ही वेळ बदलता आलीच पाहिजे, ४०० मिलिसेकंदांपासून २ सेकंदांपर्यंत, आणि ती बदलण्याची जागा डोक्यानेच पोचता येईल अशी असावी. हे सेटिंग फक्त हाताने उघडत असेल तर ज्याला त्याची सर्वांत जास्त गरज आहे त्यालाच ते मिळणार नाही.

किरण क्षणभर घसरला म्हणून भरलेलं वर्तुळ एकदम रिकामं करू नका. ते हळूहळू ओसरू द्या. परत आला की उरलेल्यापासून पुढे. हात-मान थरथरणाऱ्यांसाठी एवढा एकच बदल ॲप वापरता येण्याजोगं करतो.

एकदा दाबलं गेलं की किरण बाहेर जाऊन परत येईपर्यंत ते बटण पुन्हा दाबलं जाऊ नये. हाच नियम नव्या पडद्यालाही लावा. समजा ‘पुढे’ दाबल्यावर जो पडदा आला त्यात नेमकी त्याच जागी ‘रद्द करा’ ची खूण आहे. माणसाने मान हलवलेलीच नाही, तो नवीन मजकूर वाचतोय, आणि तेवढ्यात वर्तुळ भरून काम रद्द. ज्या बटणावर किरण आधीपासून पडलेला आहे ते निजलेलंच असू द्या.

‘सगळं पुसा’ सारख्या बटणांसाठी ड्वेलची वेळ वाढवणं हा उपाय नाही. पुसावं की नाही याचा विचार करत माणूस त्याच बटणाकडे टक लावून बसतो. त्याऐवजी पक्कं करण्याचं बटण दुसऱ्या जागी, १० अंश तरी बाजूला दाखवा. तिथवर मान वळवणं ही जाणूनबुजून केलेली कृती असते, आणि तेच आपल्याला हवं आहे. मजकुराच्या आणि चित्रांच्या भागावर ड्वेल लावूच नका. शेजारी छोटी पट्टी द्या, ती दाबण्यासाठी. वाचायची जागा फक्त वाचायची.

ड्वेल सोडूनही मार्ग आहेत, आणि शक्य असेल तिथे मी ते आधी निवडतो. डोक्याने रोखायचं आणि स्विचने पक्कं करायचं ही जोडी मला सर्वांत भरवशाची वाटते. ब्लूटूथ स्विच पायाखाली, गुडघ्याशी, हनुवटीजवळ कुठेही बसवता येतो, फुंकरीवर चालणाराही मिळतो. बरेचसे स्विच हेडसेटला कीबोर्डसारखे दिसतात, म्हणजे ॲपने स्पेस किंवा एंटर ओळखलं की काम झालं. फिटरला पायाखालचा स्विच दिला की त्याची वाट बघण्याची सगळी वेळ वाचते.

आवाजही चांगला, पण परिस्थिती बघून. होलोलेन्सवर ‘सिलेक्ट’ म्हटलं की रोखलेली गोष्ट निवडली जाते. होलोलेन्स २ ला मराठी आज्ञा समजत नाहीत, इंग्रजी शब्द बोलावे लागतात. चाकणच्या एखाद्या शॉपफ्लोअरवर प्रेस चालू असताना, किंवा वॉर्डात शेजारचा पेशंट झोपलेला असताना, आवाजावर सगळं सोपवून चालणार नाही.

मान डोलावून ‘हो’

होकारासाठी मान हलवणं इतकं स्वाभाविक वाटतं की प्रत्येकाला ते ॲपमध्ये आणावंसं वाटतं. आणा, पण जपून. वर-खाली मान हलवली की किरणही वर-खाली जातो आणि बटणावरून निसटतो. म्हणून हालचाल सुरू होण्याच्या आधी, साधारण २०० ते ३०० मिलिसेकंद मागे, किरण कशावर होता ते लक्षात ठेवा आणि होकार त्यालाच लागू करा. त्यासाठी डोक्याच्या स्थितीची छोटी नोंद सतत ठेवावी लागते.

आपल्याकडे आणखी एक ‘हो’ आहे: मान कानाकडे, डावी-उजवीकडे कलती करणं. परदेशात बनलेल्या नमुन्यांत तो बहुधा नसतो, आणि वर-खाली किंवा आडवी हालचाल शोधणाऱ्या कोडला तो एक तर दिसत नाही, किंवा नकार वाटतो. उलट तांत्रिकदृष्ट्या तो जास्त सोयीचा आहे. मान कलती केली तर डोकं किरणाच्याच अक्षाभोवती फिरतं, त्यामुळे किरणाची दिशा जवळपास तीच राहते. मानेचा सांधा खाली असल्याने किरणाचा उगम थोडा बाजूला सरकतो, इतकंच. थोडं मोठं बटण ते पोटात घेतं. तुमचे वापरणारे इथले असतील तर कलत्या मानेचा होकार जरूर करून बघा. बल्गेरियात वर-खाली मान हलवणं म्हणजे नकार, हेही ॲप बाहेर पाठवणार असाल तर ध्यानात असू द्या.

अडचण एकच. समोरचा बोलत असला की आपण नंदीबैलासारखी मान हलवत राहतो. सहकाऱ्याशी बोलता बोलता तीन पायऱ्या पुढे गेल्या, असं होऊ द्यायचं नसेल तर मानेचा होकार फक्त पडद्यावर स्पष्ट प्रश्न असतानाच ऐका, आणि तोही काही सेकंदांपुरता. वेब ॲक्सेसिबिलिटीच्या डब्ल्यूसीएजी २.१ या २०१८ च्या मानकात हालचालीने चालणाऱ्या गोष्टींसाठी वेगळा निकष आहे: तेच काम साध्या बटणानेही करता यावं आणि हालचालीचा प्रतिसाद बंद करता यावा. तो सर्वांत पायाभूत पातळीचा निकष आहे. हेडसेटच्या ॲपलाही तो तंतोतंत लागू करावा असं माझं ठाम मत आहे.

थरथर

श्वास, नाडीचे ठोके, थकलेले स्नायू, यांमुळे डोकं पूर्ण स्थिर कधीच नसतं. साधी सरासरी काढली तर कर्सर स्थिर होतो, पण मान वळवल्यावर मागे रेंगाळतो. २०१२ मध्ये मांडला गेलेला वन युरो फिल्टर यावर छान तोडगा आहे. हालचाल संथ असताना तो जास्त गुळगुळीत करतो, वेगवान असताना आपला हात सैल सोडतो. लावायची रीतही सोपी. आधी बीटा (वेग वाढला की फिल्टर किती सैल सोडायचा ते) शून्य आणि किमान कटऑफ (संथ हालचालीत थरथर किती गाळायची ते, जितका कमी तितकी जास्त) १ हर्ट्झ ठेवा, डोकं स्थिर धरून थरथर थांबेपर्यंत कटऑफ कमी करा. मग मान भराभर वळवत, रेंगाळणं संपेपर्यंत बीटा वाढवत न्या. पण हेडसेट स्वतःही काही गुळगुळीतपणा करतो, म्हणून आधी फिल्टरशिवाय बघा. बटणं ३ अंशांची असतील तर गरज नसूही शकते.

फिल्टरपेक्षा मला बटणाची ‘पकड’ जास्त उपयोगी वाटते. किरण आत आला की बटणाचं अदृश्य क्षेत्र सुमारे ३० टक्क्यांनी वाढवा. आत यायला नेहमीची कडा, बाहेर पडायला थोडी लांबची. कडेवर चाललेली ये-जा थांबते.

स्क्रोल आणि टंकलेखन

लांब स्क्रोल टाळा. ‘पुढचं पान’ हे एक मोठं बटण मानेला कितीतरी स्वस्त पडतं. स्क्रोल हवाच असेल तर यादीच्या वर आणि खाली पट्ट्या द्या: किरण पट्टीवर असेपर्यंत यादी सरकते, मध्ये आला की थांबते, आणि मध्यभाग ऐसपैस.

टंकलेखनाला वेगळा विचार लागतो. ड्वेलने एकेक अक्षर टिपणं इंग्रजीतही मंद असतं. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, हलंत हे सगळे वेगळे ठोके. ‘रुग्णालय’ घ्या: र, उकार, ग, हलंत, ण, काना, ल, य, म्हणजे आठ ठोके. एका ठोक्याला बटणापर्यंत जायला एक सेकंद आणि थांबायला ०.८ सेकंद धरले तरी एका शब्दाला १४ सेकंद. भारतीय लिप्यांसाठीची इन्स्क्रिप्ट ही कीबोर्ड मांडणी दोन्ही हातांच्या बोटांसाठी बेतलेली आहे. स्वर डावीकडे, व्यंजनं उजवीकडे, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक अक्षराला मान या टोकापासून त्या टोकाला जाते. डोक्यासाठी ती तशीच उचलू नका. व्यंजन निवडलं की त्याची बाराखडी त्याच्याभोवतीच उमटावी, म्हणजे ‘णा’ साठी मान एक-दोन अंशच हलेल. जोडाक्षरासाठी हलंतही तिथेच. शब्द सुचवणारी पट्टी वर आणि तयार वाक्यांचा एक संच शेजारी: ‘पाणी हवंय’, ‘पंखा बंद करा’, ‘काम झालं’. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी या तीन वाक्यांची किंमत उत्तम कीबोर्डहून जास्त आहे.

विसावा आणि मध्य

पडद्यावर अशी एक जागा हवी जिथे किरण कितीही वेळ पडून राहिला तरी काही होत नाही. ती दिसू द्या, सौम्य रंगाने. त्याशिवाय ‘थांबा’ चं बटण: ते दाबलं की ‘पुन्हा सुरू’ सोडून सगळी बटणं झोपतात. कुणाशी बोलायचंय, चहा प्यायचाय, तेव्हा हे लागतंच.

मध्यबिंदू पुन्हा ठरवण्याची सोय पहिल्या दिवसापासून ठेवा. पाठ टेकून किंवा आडवं पडून वापरणाऱ्याची ‘समोर’ ची दिशा छताकडे असते. गुरुत्वाकर्षणावरून सरळ उभं केलेलं पॅनेल त्याला दिसणारच नाही. त्याच्या आरामाच्या स्थितीत तीन सेकंद नोंद घ्या आणि सगळी मांडणी त्या दिशेने कलती करा. उजवीकडे मान कमी वळत असेल तर मध्य डावीकडे सरकवता यावा. व्हीलचेअर चालत असताना डोकं आणि खुर्ची दोन्ही वळतात, तेव्हा ड्वेल आपोआप थांबलेला बरा.

चाचणी

ऑफिसातल्या तरुण सहकाऱ्यांवर केलेली चाचणी सुरुवातीला चालेल, निर्णयाला नाही. ज्यांच्यासाठी बनवताय त्यांना पहिल्या नमुन्यापासून बोलवा, आणि त्यांच्या वेळेचे पैसे द्या. त्यांच्याच खुर्चीत, त्यांच्याच पलंगावर, त्यांच्याच चष्म्यासह बघा. डोक्यावर ओढणी, फेटा किंवा हेल्मेट असेल तर पट्टा नीट बसतो का, बसल्यावर मान वळवताना घसरतो का, हे आधी. हेडसेट दोन अंश जरी खाली सरकला तरी सगळा नेम चुकतो आणि दोष उगाच फिल्टरला जातो.

प्रत्येक कामासाठी लागलेला वेळ आणि नको असताना दाबली गेलेली बटणं, दोन्ही वेगळं मोजा. ड्वेल कमी केला की पहिला आकडा सुधारतो आणि दुसरा बिघडतो. कोणता किती सोसायचा हे कामावर ठरतं: गाणी निवडताना चूक चालते, औषधाच्या नोंदीत नाही. डोकं एकूण किती अंश फिरलं तेही नोंदवा. दोन मांडण्या सारख्याच वेगवान निघाल्या तर कमी फिरवणारी घ्या.

एका बैठकीत २० मिनिटांच्या वर जाऊ नका, आणि मध्येच मान दुखते का असं विचारून समाधान मानू नका. पाहुणचाराच्या भरात लोक ‘नाही, ठीक आहे’ म्हणतात. स्नायूंचा ताण बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी जाणवतो, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करा. मान आखडली असेल तर बटणांची उंची आणि डावी-उजवीकडचा पसारा आधी तपासा, ड्वेलच्या वेळेला त्यानंतर हात लावा.